घाण्याचा बैल आणि गल्ल्यावरचा धनी
(आपल्या धंद्याच्या इतिहासातून घ्यावयाचे काही धडे)

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळींनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना पाढे व बाराखडी शिकविली. विद्वत्तेचा दावा आम्ही करू शकत नाही. परंतु गेल्या वर्षभरात ज्ञातीतील तीन-चार तरुणांनी नवे लाकडी घाणे घातले. त्यांपैकी एकाचा आठ महिन्यांत बंदही पडला. हे पाहून मनात आले की, आपल्या वाडवडिलांचा धंदा का बुडाला आणि कोणाचा का टिकला, हा इतिहास तरुणांपुढे एकदा मांडावा. पराक्रमाचा इतिहास सर्वच सांगतात; चुकांचा इतिहास सांगण्यास घरचाच माणूस लागतो.

आमच्या गावच्या वाड्यात आजही आजोबांच्या घाण्याचे उखळ पडलेले आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचते आणि चिमण्या येऊन पितात. एके काळी याच उखळात लाट फिरत असे. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल पहाटेपासून त्याच रिंगणात चालत असे आणि तीळ, करडई, जवस, शेंगदाणे यांचे तेल बुधल्यात पडत असे. शेतकऱ्याने आपले बी आणावे, तेल घेऊन जावे, आणि मजुरीत पेंड अगर बियांचा वाटा तेल्याने ठेवावा, अशी पद्धत पुष्कळ गावी होती. कित्येक गावांत तेली हा अलुतेदारांत गणला जाई. गिऱ्हाईक शोधावयास नको, भाव ठरवावयास नको, जाहिरात तर नकोच नको. देवळातला दिवा, घरातली समई, कढईतली फोडणी आणि न्हाणीघरातले माखण, या सर्वांस तेल लागे आणि ते तेल आमच्याच घाण्यातून येई. ही व्यवस्था इतकी जुनी होती की, ती कधी काळी मोडेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. आमच्या मते पहिली चूक येथेच झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घासलेट आले. प्रथम अमेरिकेचे, मग रशियाचे, पुढे ब्रह्मदेशातले. पत्र्याच्या डब्यातून ते खेडोपाडी पोहोचले. एरंडेल, करंजेल, करडईचे तेल जाळणाऱ्या घरांत चिमणी आणि कंदील लागले. तेल्याच्या विक्रीपैकी दिव्याच्या तेलाचा भाग हळूहळू गेला. आजोबा सांगत की, त्यांच्या वडिलांना हा बदल दिसत होता, पण "वास मारणारे तेल देवापुढे कोण जाळील?" असे म्हणून ते निश्चिंत राहिले. देवापुढे ते कोणी जाळले नाही हे खरे. परंतु घरात देवापुढे दिवा एक, आणि ओटीवर, गोठ्यात, माजघरात दिवे तीन! गिऱ्हाइकास तेल नको होते, उजेड हवा होता. तो दुसरीकडे स्वस्त मिळताच ते तिकडे गेले. आपण काय विकतो याहून गिऱ्हाईक काय विकत घेते, हे दुकानदाराने आधी पाहिले पाहिजे. या एका दृष्टीच्या अभावी कितीएक धंदे गेले आहेत.

याच काळाच्या अलीकडे-पलीकडे कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, एक वेगळेच उदाहरण घडले. किनाऱ्यावरच्या गावांतून राहणारे बेने इस्राएल लोकही तेल गाळण्याचाच धंदा करीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस लोक 'शनिवार तेली' म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्यातील कुटुंबे मुंबईस जाऊ लागली. कोणी कंपनीच्या पलटणीत शिरले, कोणी सुतारकाम व गवंडीकाम धरले, कोणी शिकून कचेऱ्यांत कारकून झाले. धर्म व शनिवार त्यांनी सोडला नाही. घाणा मात्र सोडला. धंदा म्हणजे धर्म नव्हे, आणि धंदा बदलल्याने कूळ बुडत नाही, हे त्यांनी दाखविले. आमच्याकडे नेमके उलट झाले. घाणा सोडणे म्हणजे आजोबांचा अपमान, असे आम्ही मानीत राहिलो आणि मग तो घाणाच आम्हांस सोडून गेला.

दुसरी चूक यंत्र आल्यावर झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एक्स्पेलर नावाचे यंत्र निघाले. पुढे ते आणि शक्तीवर चालणारे घाणे आपल्या बाजारपेठेच्या गावांतूनही आले. बैलाच्या घाण्याच्या पेंडीत शेकडा दहा-बारा भाग तेल राहून जाई. एक्स्पेलरच्या पेंडीत सहा ते आठ. आणि त्याच्याही नंतर रासायनिक द्रावणाने तेल काढण्याचे कारखाने निघाले, त्यांच्या पेंडीत एखादाच भाग. म्हणजे एकाच पोत्यातून कारखानदारास अधिक तेल मिळे आणि वेळही थोडा लागे. अशा प्रतिस्पर्ध्याशी भावात झुंजणे म्हणजे बैलगाडीने आगगाडीशी शर्यत लावणे होय. तरीही आमच्या पंचक्रोशीतील बहुतेकांनी भावच उतरविला. भाव उतरविला म्हणून नफा गेला. नफा गेला म्हणून कोणी हलके तेल मिसळू लागले. आणि मिसळ उघडकीस आली तेव्हा शंभर वर्षांची पत एका हंगामात गेली. जे एकच भांडवल कारखानदारापाशी नव्हते, म्हणजे डोळ्यांदेखत गाळलेल्या शुद्ध तेलाचा विश्वास, तेच आमच्या माणसांनी स्वहस्ते उधळले.

मार्ग नव्हता असेही नाही. १९३४ साली वर्ध्यास महात्माजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तेथील मगनवाडीत श्री. झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्याचा अभ्यास करून सुधारलेला घाणा तयार केला, तोच पुढे 'वर्धा घाणा' म्हणून प्रसिद्ध झाला. एका वेळी अधिक बी घालता येई, बैलाचे श्रम कमी होत आणि पेंडीत तेल कमी राही. १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग झाल्यावर त्याचा प्रसार पुष्कळ झाला. आमच्या आजोबांच्या गावी एक प्रचारक येऊन त्याची माहिती देऊन गेले होते. आजोबांनी त्यांस चहा दिला, पान दिले आणि म्हणाले, "आमचा आहे तो बरा आहे." ते वाक्य आम्ही आमच्या आजीच्या तोंडून ऐकले आहे. ती ते मोठ्या अभिमानाने सांगे. आज आठवले की हसावे की रडावे हे कळत नाही.

१९३७ साली डालडा वनस्पती तूप बाजारात आले आणि स्वयंपाकघरातली सत्ताही डळमळू लागली. या ठिकाणी खानदेशातल्या एका तेलगिरणीची कथा सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या महाराष्ट्राच्या मातीत घडलेली आहे. १९४५ च्या डिसेंबरात श्री. महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. भुईमुगाच्या मुलखात गिरणी घातली आणि वनस्पती तूप करावयास आरंभ केला. परंतु तेल शुद्ध करताना जो भाग मागे उरतो तो त्यांनी फेकला नाही. त्यापासून '७८७' या नावाचा कपडे धुण्याचा साबण काढला. १९६६ साली संस्थापक वारले, तेव्हा त्यांचे अवघे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले शिक्षण मध्येच सोडून परत आले व गिरणीचा कारभार पाहू लागले. पुढे अंगाचा साबण, मग इतर जिन्नस, आणि आय्.बी.एम्. ही परदेशी कंपनी १९७७-७८ च्या सुमारास येथून निघून गेल्यावर संगणक! त्या गिरणीचे नाव आज जगभर 'विप्रो' म्हणून ओळखले जाते.

सूज्ञ वाचक म्हणतील, 'गुरुजी, कोठे विप्रो आणि कोठे आमचे चौकातले दुकान!' आक्षेप रास्त आहे. प्रत्येक तेल्याचा विप्रो होत नाही, आणि तसे स्वप्न पाहून घर गहाण टाकणे ही तर मोठीच चूक होईल. आमचे म्हणणे इतकेच की, तेलापलीकडचा साबण दिसण्यास लक्षाधीश असावे लागत नाही. आमच्या गावात चार घाणे होते आणि चौघांचीही पेंड गावातलेच लोक उधारीवर नेत. ती तालुक्याच्या गुरांच्या बाजारी नेऊन रोखीने विकावी, हे एकालाही सुचले नाही. ज्याचे पोट एकाच जिनसावर आणि एकाच गावावर चालते, त्याचे एक गिऱ्हाईक रुसले की चूल विझते.

आता आम्ही आमच्या घरातील गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही जड जाते. परंतु इतरांच्या चुका सांगणाऱ्याने स्वतःची झाकून ठेवू नये.

घाणा बंद पडल्यावर आमच्या वडिलांनी गावात तेलाचे व किराणा मालाचे लहानसे दुकान घातले. तालुक्याच्या एका व्यापाऱ्याकडून ते डबे उधारीने व व्याजाने आणीत आणि गावात उधारीने, पण बिनव्याजी, विकीत. सुगी झाली की शेतकरी पैसे देई. वडील अत्यंत सरळ मनाचे. मापात कधी पळीभरही कमी दिले नाही. उधारीची वही लिहिण्याचे काम आमच्याकडे होते, कारण आमचे अक्षर चांगले होते. नाव, तारीख, माल, रक्कम. पाने भरत गेली. वडील ती वही आल्यागेल्यास दाखवीत आणि म्हणत, "पोराचे अक्षर पाहा, मोत्यासारखे." त्या वहीची बेरीज मात्र आम्ही कधी केली नाही. वडिलांनी सांगितले नाही आणि आम्हांसही ते सुचले नाही.

१९७१ साली थोरल्या बहिणीचे लग्न झाले. मंडप, जेवणावळी, आहेर, सर्व खर्च गल्ल्यातून झाला. दुकानाचा पैसा कोणता आणि घरचा कोणता, असा भेद आमच्या घरी नव्हताच. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. सुगी झालीच नाही. ज्यांची नावे वहीत होती ते सारे रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होते. त्यांच्यापुढे वही घेऊन जाण्यास वडिलांचे पाऊल उचलेना. इकडे व्यापाऱ्याचा तगादा सुरू झाला, आणि त्याचे तरी काय चुकले? त्यालाही पुढे देणे होते. एके रात्री वडिलांनी कंदिलाजवळ बसून आम्हांस प्रथमच म्हटले, "बाळ, जरा बेरीज कर." आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. बेरीज चार हजार दोनशे रुपयांवर गेली. दुकानातला माल उणापुरा सहाशेचा. वडिलांनी दोनदा बेरीज करावयास लावली आणि मग ते काही बोलले नाहीत. महिन्याभरात दुकान मोडले.

गावाने आम्हांस फसविले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. चार वर्षांनी एक म्हातारे शेतकरी सव्वाशे रुपये घेऊन घरी आले. म्हणाले, "आण्णा, तुमचे राहिले होते." वडिलांनी ते घेतले, कपाळास लावले आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. पैसा बुडाला नव्हता. तो उशिरा आला इतकेच. परंतु धंद्यात उशिरा आलेला पैसा आणि बुडालेला पैसा यांत फारसा फरक नसतो. देणे महिन्याचे आणि येणे वर्षाचे, अशी ज्याची घडी, त्याला बुडवावयास दुष्काळच हवा असे नाही. एखादे लग्न, एखादे आजारपणही पुरते. आम्ही १९७४ साली मॅट्रिक झालो आणि शिक्षकाची नोकरी धरली. लोक म्हणतात, बरे झाले. पण त्या वहीची बेरीज दरमहा केली असती, तर कदाचित ते दुकान आज आमच्या धाकट्या बंधूंच्या हाती असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आपल्या ज्ञातीस लेखणीचा वारसा थोर आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे श्रीसंताजी जगनाडे महाराज हे आपलेच. ज्या समाजाने जगाचे धन लिहून जपले, त्याने आपल्या दुकानाची वही अर्धवट ठेवावी, हे शोभत नाही.

चौथा धडा बांधणीचा. मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीज या पेढीचे 'पॅराशूट' खोबरेल पूर्वी मोठ्या डब्यांतून जाई व दुकानदार ते सुटे विकीत. १९७१ साली श्री. हर्ष मारीवाला त्या घरच्या धंद्यात आले. हेच तेल लहान बांधणीत थेट कुटुंबापर्यंत गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पत्र्याऐवजी प्लॅस्टिकची बाटली स्वस्त पडेल असा हिशेब निघाला, तर दुकानदार ऐकेनात. पूर्वी कोणीतरी चौकोनी बाटल्या काढल्या होत्या, त्या उंदरांनी कुरतडल्या व दुकानभर तेल झाले. मारीवाला यांनी स्वतः सांगितले आहे की, त्यांनी उंदरास दात रोवता येणार नाही अशी गोल बाटली केली, ती उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून पाहिली आणि मगच ती दुकानदारांच्या गळी उतरली. पुढे १९९० पासून हा धंदा 'मॅरिको' या नावाने चालू लागला. दुकानदारांस अडाणी न म्हणता त्यांच्या शंकेचे मूळ शोधले, यातच सारे आले. उलट आमचे पुष्कळ बांधव १९९८ पर्यंत सुटेच तेल विकत राहिले. त्या वर्षी दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावली आणि सरकारने खाद्यतेल बंद बांधणीतच विकण्याचा हुकूम काढला. ज्यांनी आधी तयारी केली नव्हती, त्यांची एकच धांदल उडाली. त्याआधीच, १९९४ साली, पामतेलाची आयात खुली झाली होती, म्हणून भावाचा आधारही उरला नव्हता.

आता काळाची गंमत पाहा. ज्या घाण्यास जुनाट म्हणून लोकांनी टाकले, त्याच्याच तेलासाठी आज शहरातील मंडळी अधिक दाम मोजून रांगेत उभी राहतात. बैलाची जागा विजेच्या मोटारीने घेतली, पण उखळ आणि लाट पुन्हा आली. ही संधी आहे यात शंका नाही. परंतु शेजाऱ्याचा चालतो म्हणून आपणही घालावा, अशाने एका रस्त्यावर तीन घाणे होतात आणि तिघेही उपाशी राहतात. वर ज्या बंद पडलेल्या घाण्याचा उल्लेख केला, त्याच्या तरुण मालकास आम्ही विचारले, "एक किलो तेल तुला कितीस पडत होते?" तो म्हणाला, "गुरुजी, बाजारात चालते त्याप्रमाणे भाव लावला होता." उत्तरातच सर्व आले.

म्हणून येथे शाळेतल्याप्रमाणे एक उदाहरण सोडवू. समजा, शेंगदाणा किलोस १२० रुपये आहे. १०० किलो दाण्यास १२,००० रुपये लागले. घाण्यातून सुमारे ४० किलो तेल व ५६ किलो पेंड मिळाली, बाकी घट. पेंड ४० रुपयांनी विकली तर २,२४० रुपये आले. राहिले ९,७६०. त्यास ४० ने भागले असता तेल किलोस २४४ रुपये पडले. लिटरचा हिशेब केला तर सुमारे २२२. यात वीज, मजुरी, भाडे, बाटली, कर्जाचा हप्ता आणि मालकाचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही. मग जो २५० रुपये किलोने विकून 'सहा रुपये सुटले' म्हणतो, तो खरे पाहता घरचे घालून गिऱ्हाइकास तेल पाजीत आहे. भाव दरमहा बदलतात. ज्याने त्याने आपापले आकडे घालून हे गणित पुनःपुन्हा सोडवावे.

याच्या उलट आमच्या एका पुतण्याचे पाहा. त्याने घाणा घालण्यापूर्वी चार महिने दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी केली. मग आपल्या गावची साठ घरे पायी फिरून कोण कोणते तेल किती नेईल हे लिहून घेतले. पेंडेसाठी एका गोठेवाल्याशी आधी बोलणे केले. दुकानाचे खाते निराळे ठेवले, आणि ते त्याची पत्नी सांभाळते. तो स्वतःदेखील तिच्याकडून पगार मागून घेतो. उधारी फक्त दहा घरांस, तीही महिन्याची. गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाचे लग्न झाले, तेव्हा गल्ल्यास हात लावू दिला नाही. आप्तांनी नावे ठेवली. आम्ही मात्र त्या सूनबाईंस साडीचोळी केली.

बंधुभगिनींनो, सारांश थोडक्यात सांगून रजा घेतो. गिऱ्हाइकाची गरज ओळखा, केवळ आपल्या मालावर प्रेम करू नका. मोठ्याशी भावात झुंजू नका. जे त्याच्यापाशी नाही ते आपल्यापाशी जपा. एका जिनसावर व एका गावावर विसंबू नका. देण्याची मुदत आणि येण्याची मुदत यांचा मेळ घाला. घरचा गल्ला व दुकानाचा गल्ला यांत भिंत घाला. आणि दर महिनाअखेर, कितीही थकवा असला तरी, बेरीज करा.

घाण्याच्या बैलास झापड बांधावीच लागते, नाहीतर त्यास भोवळ येते. पण धन्याने झापड बांधून चालत नाही. आमच्या वडिलांची ती वही आम्ही अजून जपून ठेवली आहे. शेवटच्या पानावर चौदा वर्षांच्या मुलाने केलेली बेरीज आहे. ज्ञातीतील कोणत्याही मुलावर अशी बेरीज इतक्या उशिरा करण्याची पाळी न येवो, इतकेच परमेश्वराजवळ मागणे. इत्यलम्.